मशीन रडतंय, ऐका ना

"मशीन रडतंय हो..."

तो आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तो फोनवर, बऱ्याच वर्षांपूर्वी. तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. कंपनी शॉट ब्लास्टिंगची, म्हणजे छर्रे मारून धातूच्या प्लेटा साफ करायची मशीनं बनवायची आणि तिची जागा होती दुरुस्ती विभागाच्या टेबलाशी. टेबलावर एक काळा फोन, एक पेन्सिल आणि दिवसभर कुणाचं ना कुणाचं ओरडणं. फोन करणारे सगळे ओरडूनच बोलायचे. त्यांचा तरी काय दोष? ज्यांचा दिवस अशा मशीनशेजारी जातो, ते साधं 'हॅलो'सुद्धा नदीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं म्हणतात.

त्या सगळ्या ओरडण्यात हा एक आवाज आला. इतका हळू, की तिला फोन कानात रुतवून घ्यावा लागला.

"रडतंय म्हणजे काय होतंय?" तिने विचारलं.

"म्हणजे... रोज ते गातं. आज रडतंय."

तिला आलेलं हसू तिने पेन्सिलीच्या टोकाशी चावून धरलं. मग म्हणाली, "ऐकवा."

पलीकडे वायर ताणल्याचा आवाज झाला, आणि मग पाऊसच पाऊस. मशीनच्या पोटात फिरणारी चाकं पोलादाचे बारीक छर्रे प्लेटांवर फेकत होती आणि तो सगळा मारा फोनमधून तिच्या कानात कोसळत होता. पण तिचा कान तयार होता. ती शिंप्याची लेक. बाबांच्या शिलाई मशीनच्या आवाजावर ती लहानपणी झोपायची, आणि सुई बोथट झाली की बाबांच्या आधी तिला जाग यायची. त्या पोलादी पावसाच्या तळाशी तिला बरोबर ऐकू आला... एक हुंदका. पुन्हा पुन्हा, ठरल्या जागी.

"चाकाचं एक पातं झिजलंय," ती म्हणाली. "पण एकटं बदलू नका. सगळी पाती एकदम बदला, नाहीतर चाकाचा तोल जाईल."

"नुसतं ऐकून कळलं तुम्हाला?"

"तुम्हालाही कळलंच होतं की. मी फक्त दुखणं कुठलं ते सांगितलं."

काही दिवसांनी फोन पुन्हा वाजला. "परत रडतंय. ऐका ना."

ती ऐकू लागली. बराच वेळ ऐकत राहिली. तो काही बोलला नाही, तीही नाही. मध्ये नुसता पाऊस पडत राहिला. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अजून जरा ऐकवा."

शेवटी तोच पुटपुटला, "थांबलं वाटतं."

"हो... थांबलं वाटतं."

त्या दिवशी तिने इतका वेळ काय ऐकलं, हे तिने कुणाला सांगितलं नाही. वहिनीलाही नाही, आणि वहिनीला तर ती पडलेली स्वप्नंसुद्धा सांगायची.

पुढे तिची टेबलावरून उचलबांगडी झाली. मशीनं बसवायला गावोगाव जायचं काम आलं, आणि काळा फोन दुसऱ्या कुणाकडे गेला. तो आवाज सुईतून दोरा निसटावा तसा निसटला. दोरा निसटला तरी सुईला भोक राहतंच. तसं काहीसं राहिलं.

*

आता ती मशीन बसवायला आली होती एका प्लेटांच्या कारखान्यात. मशीन नवं कोरं, खास स्टेनलेस स्टीलसाठी. एका बाजूने रोलरवरून चकचकीत, ओरखडलेली प्लेट आत जायची. आत वरून दोन चाकं, खालून दोन चाकं तिच्यावर छर्र्यांचा मारा करायची. दुसऱ्या बाजूने ती बाहेर यायची तेव्हा तिचा सगळा दिखाऊ चकचकाट गेलेला असायचा आणि तिच्यावर दुधावरच्या सायीसारखा मऊ, एकसारखा पोत आलेला असायचा. अशा प्लेटांच्या पुढे औषधांच्या टाक्या व्हायच्या. त्यामुळे कारखाना डोळ्यांत तेल घालून बसला होता.

पहिल्याच सकाळी ती मशीनच्या पोटात शिरली होती. गुडघ्यांवर, तोंडात टॉर्च धरून, आतल्या भिंतींचे नट आवळत. रबरी पडद्यांच्या झालरीमुळे आत काळोख होता. तेवढ्यात पडद्यापलीकडून कुणीतरी बोललं.

"आत कोण आहे? बाहेर या... नाहीतर पाऊस पडेल."

पाना तिच्या हातातून सुटला आणि खणखणत खाली गेला.

तोच. तोच तो हळू आवाज. मधल्या वर्षांत त्याला जरा जाडी आली होती, पण शब्दाच्या पहिल्या अक्षरावर तो जरा थांबत होता तसाच.

तिने तोंडातला टॉर्च काढला. मग म्हणाली, "पाऊस पाडायची किल्ली माझ्या खिशात आहे. आत शिरण्याआधी काढून घेतली."

मग रबरी पडदा बाजूला झाला आणि उजेडाच्या चौकटीत एक माणूस ओणवा झाला. कानांवरचे आवाजरोधक गळ्यात, भुवयांवर धूळ, आणि डोळे... डोळे एखादी वस्तू कुठे ठेवली ते आठवत असल्यासारखे.

"मॅडम, या मशीनवर मी असणार आहे," तो म्हणाला.

"मग आधी शिकून घ्या. आत कोण आहे हे न बघता धमक्या द्यायच्या नाहीत."

"धमकी नव्हती. काळजी होती."

"मशीनची?"

"मशीनचीच," तो म्हणाला आणि तिचा पाना उचलून तिच्या हातात दिला. "आणखी कुणाची असणार?"

त्याला आठवत नाहीये, तिने मनाशी म्हटलं. दिवसभरात कुणाकुणाला फोन करतात माणसं. दोनदा ऐकलेला आवाज कोण लक्षात ठेवतं? तिने ठेवला होता, ही गोष्ट वेगळी.

कारखान्यात त्याला सगळे 'हळूभाऊ' म्हणायचे. फोरमनकाकांचा आवाज असा, की त्यांनी बाहेर हाक मारली तर आत मशीनला वाटावं आपल्यालाच बोलावलं. ते दिवसातून कितीदा तरी करवादायचे, "अरे हळूभाऊ, तोंड उघड जरा! तुझं बोलणं ऐकायला काय दुर्बीण लावू?"

"दुर्बिणीने ऐकू येत नाही, काका," तो हळूच म्हणायचा, आणि तेही काकांना ऐकू जायचं नाही.

त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला जुनं मशीन होतं, साध्या लोखंडी प्लेटांचं. ते सुरू झालं की बोलणं संपायचं आणि हातवारे सुरू व्हायचे. सपाट तळवा म्हणजे थांबा. बोटाचं रिंगण म्हणजे चालू करा. हे सगळ्यांचे. पण काही हातवारे हळूभाऊने खास तिच्यासाठी काढले. भुवई वर आणि चिमटीत न दिसणारा कप, म्हणजे चहा. दोन बोटं कानाच्या पाळीला, म्हणजे ऐका ना. ही खूण तो फार करायचा. ती मशीन बंद करून विचारायची, "काय?" आणि तो म्हणायचा, "काही नाही. नट नीट बसलाय म्हणत होतो."

"हे सांगायला मशीन बंद करायला लावलंत?"

"चालू असताना सांगितलं असतं तर ऐकू आलं असतं?"

चहाला ते दोघं प्लेटांच्या चळतीवर बसायचे, मध्ये एका टिफिनएवढं अंतर ठेवून. तिने बाबांच्या शिलाई मशीनबद्दल सांगितलं. त्याने सांगितलं, की तो आधी दुसऱ्या एका कारखान्यात होता. तो बंद पडला तेव्हा मावशीने इथे चिकटवलं. मावशी म्हणजे त्याची सख्खी मावशी. आई लवकर गेली, त्याला वाढवलं तिनेच, आणि याच शेडमध्ये झाडू मारता मारता तिचे केस पिकले होते. मावशीचा झाडू आणि मावशीचं गाणं एकाच ठेक्यात चालायचं.

*झाडते बाई अंगण, अंगण पोलादाचं*
*वेचते दाणा दाणा, बियाणं कुणाचं...*

"स्वतः रचते," तो म्हणाला. "मशीन बंद असलं की गाते. चालू असलं की नुसते ओठ हलतात."

"घरात गाणारं माणूस, आणि तुम्ही असे?"

"घरात एकानेच बोलायचं असतं. आमच्याकडे ती बोलते."

मावशीने हे ऐकलंच. झाडू थांबवून म्हणाली, "पोरी, याच्या तोंडाला गंज चढलाय. तुझ्या त्या मशीनमध्ये घालून एकदा काढ बाई त्याला."

"स्टेनलेसचं मशीन आहे मावशी, गंजलेलं चालत नाही त्यात," ती म्हणाली. मावशी इतकी हसली, की झाडूवर रेलून उभी राहिली, आणि हळूभाऊचे कान लाल झाले.

संध्याकाळी फोनवर वहिनी म्हणाली, "काय गं, मशीन बसलं का?"

"बसतंय."

"आवाजावरून मशीनपेक्षा तूच चांगली रुळलेली दिसतेस. कोण आहे?"

"कोण कुठे? प्लेटा आहेत."

"बरं बाई, प्लेटा तर प्लेटा. चांगल्या घराण्यातल्या आहेत ना?"

*

मशीन उभं राहिलं, तशी तिने सगळ्यांना गोळा करून शिकवायला घेतलं. छर्रे दोन जातींचे. जुन्या मशीनमधले साधे पोलादी, या मशीनमधले स्टेनलेसचे. दिसायला दोन्ही राखाडी, मोहरीएवढे. डोळ्यांना फरक कळणार नाही. पण पोलादी छर्रा या मशीनमध्ये गेला, तर स्टेनलेसच्या अंगावर लोखंडाचा कण सोडून जातो. तो कण गंजतो आणि बदनाम होते प्लेट. म्हणून नवे छर्रे फक्त सीलबंद पोत्यातून घालायचे. फोरमनकाका, हळूभाऊ, क्रेनवाला, रंगकामवाले, सगळे माना डोलावत होते. मागून मावशीचा झाडू सरसरला, तेव्हा काका म्हणाले, "मावशी, तिकडची बाजू झाडा. इथे शिकवणं चाललंय." मावशी तिकडे गेली.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पहिल्या प्लेटा बाहेर आल्या. तिने तळवा फिरवून पाहिला. एकसारखा पोत, कुठे हात अडला नाही. आता त्यांच्यावर ओली फडकी घालून रात्रभर ठेवायचं होतं. सकाळी डाग नसला की मशीन पास. मग कागदावर सही, आणि तिची बॅग.

तो फडकी पिळत होता. पिळता पिळता म्हणाला, "सही झाली की जाणार?"

"जाणारच. पुढचं मशीन वाट बघतंय."

"आणि डाग पडले तर?"

"तर थांबावं लागेल. का? पडावेत असं वाटतंय का?"

त्याने फडकं इतकं पिळलं, की त्यात पाण्याचा थेंब उरला नाही, आणि त्याला ते पुन्हा भिजवावं लागलं.

सकाळी तिने पहिलं फडकं उचललं.

सायीसारख्या त्या पृष्ठभागावर बारीक तपकिरी ठिपके होते. एकावर नाही, सगळ्या प्लेटांवर.

फोरमनकाका आधी गप्प झाले, आणि काकांचं गप्प होणं त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. मग ते म्हणाले, "मॅडम, मालक दुपारी येणार. मशीनचा दोष असेल तर मशीन परत जाईल. माणसाचा असेल तर ज्याने केलंय तो या मशीनवर राहणार नाही, आणि कारखान्यातही नाही. काय ते शोधा." आणि जाताना त्यांनी हळूभाऊकडे पाहिलं. मशीनला हात लावणारा तो एकटाच होता.

दोघंच उरले. तिला विचारायचं नव्हतं. पण न विचारता राहवेना.

"काल तुम्ही म्हणालात... डाग पडले तर."

"म्हणालो."

"मग?"

"मग काय? म्हणालो," तो म्हणाला. त्याचा चेहरा त्या ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. "म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं, मॅडम."

तिला मान्य करायचं होतं. ज्याला मशीन गाताना ऐकू येतं, तो ते मुद्दाम बिघडवेल? पण एक वाईट विचार मनात आला आणि बसून राहिला. दुसऱ्यांदा फोन आला होता, त्या दिवशी... जाऊ दे. तिने तो विचार ढकलून दिला. तो गेला नाही. दाराशी उभा राहिला.

"स्वच्छ कापड हवंय," ती म्हणाली. "पांढरं."

त्याने खिशातून घडी घातलेला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "घ्या. रुमाल माझा, मशीन माझं. बघा काय निघतंय ते."

तिने रुमाल भिजवून प्लेटेवर पसरला. अर्ध्या भागावर सीलबंद पोत्यातले मूठभर छर्रे, अर्ध्या भागावर मशीनमधून काढलेले. दोघं समोरासमोर बसली आणि वाट पाहू लागली. जुनं मशीन चालू होतं, त्यामुळे बोलता येत नव्हतं, हे दोघांच्या पथ्यावरच पडलं. त्याने एकदाही कानाला बोटं लावली नाहीत. एकदा मात्र त्याने न दिसणारा कप चिमटीत धरला. तिने मान हलवली, नको. मग थोड्या वेळाने हो.

मालक यायच्या सुमाराला रुमालाने उत्तर दिलं. पोत्याकडची बाजू स्वच्छ. मशीनकडच्या बाजूला इथे एक, तिथे एक छर्रा तपकिरी झालेला, आणि त्याच्याभोवती रुमालाच्या धाग्यांत गंजाचं छोटंसं कडं.

मशीन निर्दोष होतं. आत पोलादी छर्रे गेले होते. कुणीतरी घातले होते.

काकांनी जुनं मशीन थांबवलं. सगळे जमले. "बोला," काका म्हणाले, "कोणी टाकले?"

शेड शांत झाली, आणि त्या शांततेत दूरच्या कोपऱ्यातून झाडूची सरसर आणि गाण्याची कडवी ऐकू आली. *वेचते दाणा दाणा...* ती मात्र हळूभाऊकडेच बघत होती. तिला त्याचे डोळे झाडूकडे गेलेले दिसले, झाडूकडून लोखंडी सुपलीकडे, सुपलीकडून नव्या मशीनच्या शिडीकडे. मग ते परत आले आणि खाली झुकले.

"मी टाकले," तो म्हणाला. इतक्या हळू, की मागच्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाला?

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

काका उसळले. "अहो, तो कबूल करतोय आणि तुम्ही..."

"खोटं बोलतोय. मला त्याचा आवाज कळतो."

सरसर थांबली होती. मावशी सुपली घेऊन पुढे आली. "काय रे, कसले दाणे टाकलेस तू? खाली सांडलेले? ते तर मी टाकते. रोज झाडते, रोज वरच्या टाकीत ओतते. एवढी वर्षं तेच करतेय. वाया कशाला घालवायचे? जुन्याचे जुन्यात, आणि इकडचे इकडे, जवळ पडेल तिथे." मग तिने भाच्याकडे वळून हात नाचवले. "आणि तू कशाला मध्ये मध्ये? मी काय चोरी केलीये? म्हणे मी टाकले! याला साधी सुपली धरता येत नाही नीट!"

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मावशीला त्या चेहऱ्यांवरून हळूहळू उमगत गेलं. सुपली खाली आली. "चुकलं का माझं?"

काकांनी चष्मा काढून पुसला. 'आमची मावशी दाणा वाया घालवत नाही,' हे आल्यागेल्याला सांगणारे तेच होते. जुन्या मशीनचे गोल छर्रे घरंगळत शेडभर जातात हेही त्यांना ठाऊक होतं.

"चूक माझी आहे, काका," ती म्हणाली. "सगळ्यांना गोळा करून शिकवलं, आणि ज्यांच्या हातून सगळे छर्रे जातात त्यांनाच बाजूला ठेवलं. मालकांना मी तसंच सांगेन."

काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाजूला मीच पाठवलं होतं. दोघं मिळून सांगू." आणि त्यांनी हे इतक्या हळू म्हटलं, की हळूभाऊने दचकून पाहिलं.

*

मशीन रिकामं करायला सगळे लागले. टाकी, डब्यांची माळ, चाकांच्या बेचक्या, सगळीकडून शेवटचा दाणा काढला. दोन्ही मशीनांच्या मध्ये उंच पत्रा उभा राहिला. मावशीला दोन झाडू मिळाले, दोन सुपल्या, आणि दोरीला बांधलेलं एक चुंबक. तिने मावशीला प्लेटांच्या चळतीवर बसवून शिकवलं: हे बघा, पोलादी दाणा कसा झेप घेतो, आणि स्टेनलेसचा कसा अंग चोरतो.

मावशीने चुंबक फिरवून पाहिलं. मग लांबवर काम करणाऱ्या भाच्याकडे धरलं. "अंग चोरणारा म्हणजे चांगला, असंच ना?"

"मशीनमध्ये, मावशी."

"हो हो, मशीनमध्येच म्हणतेय मी."

पुन्हा प्लेटा आत गेल्या, पुन्हा ओली फडकी पडली. सकाळी तिने फडकं उचललं आणि वाकून बघितलं. डाग नाही. कडेला नाही, मध्ये नाही. मालकांनी सही केली, काकांनी मशीन स्वतःच बनवल्यासारखी छाती फुगवली, आणि क्रेनवाल्याने उगाचच हूक वरखाली करून सलामी दिली.

तिची बॅग दाराशी होती. गाडीला अवकाश होता. ती मशीनला शेवटचं बघायला आली, म्हणजे तसं ती स्वतःला म्हणाली. तो मशीनवर होता. मशीन चालू होतं. काचेच्या झरोक्यातून आतला पाऊस दिसत होता, राखाडी, झरझर, आणि प्लेटा त्यातून शांतपणे भिजत चालल्या होत्या.

तिने खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. धुतलेला, वाळवलेला. गंजाची कडी तशीच होती. तिने बोटाने खूण केली, डाग निघत नाहीत.

त्याने रुमाल घेतला, घडी घातली आणि छातीच्या खिशात ठेवला. मग त्याने दोन बोटं कानाच्या पाळीला लावली. ऐका ना. आणि तो बोलायला लागला.

मशीनच्या त्या गदारोळात त्याचे ओठ भराभर हलत होते. तिने त्याला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मध्ये तो थांबला, हसला, मान खाली घातली, पुन्हा बोलू लागला. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि त्याला ते चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर बोलत होता.

तिने हात लांब करून लाल बटण दाबलं.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. चाकं लगेच थांबत नाहीत. आवाज हळूहळू उतरत गेला, मुसळधार, मग सरी, मग नुसती भुरभुर. शेवटचा छर्रा कुठेतरी टणकन पडला आणि शेड गप्प झाली.

"आता बोला," ती म्हणाली.

"बोललो की."

"मशीनशी बोललात. आता माझ्याशी."

त्याने रोलरवरची धूळ तळव्याने पुसली. तिथे धूळ नव्हती. "आधी मला सांगा... परवा तुम्हाला कसं कळलं? मी खोटं बोलतोय म्हणून?"

"खोटं बोलताना तुमचा आवाज आणखी खाली जातो. तळाला."

"पण मी तुमच्याशी कधी खोटं बोललो? म्हणजे... त्याच्या आधी?"

ती नुसती बघत राहिली. त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे, आणि मग पाण्यात उडी मारणाऱ्यासारखा श्वास घेतला.

"तुम्ही पहिल्या दिवशी मशीनच्या आतून बोललात, तेव्हाच ओळखलं मी. आवाजावरून. फोनवरच्या त्या तुम्हीच. पहिल्यांदा खरंच पातं झिजलं होतं." तो थांबला. "दुसऱ्यांदा... मशीनला काही झालं नव्हतं. नवी पाती, छान गात होतं. मला तुमचं 'ऐकवा' ऐकायचं होतं, म्हणून खोटं सांगितलं. तिसऱ्यांदाही केला होता फोन. कुणी खोकणारे गृहस्थ बोलले. मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला. पुन्हा हिंमत झाली नाही." आणि मग अगदी भराभर, "हे आधीच सांगणार होतो. पण तेवढ्यात डाग पडले. तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, एकदा मशीनच्या नावाने खोटं बोलला, तो आताही... आणि तुम्ही तसं समजून गेला असतात, तर मला..."

पलीकडे पत्र्याआड मावशीचा झाडू कधीचा थांबला होता.

तिने बॅगेकडे पाहिलंही नाही. इतकी वर्षं जे वहिनीलाही सांगितलं नव्हतं ते तिच्या ओठांशी आलं, आणि या वेळी तिने ते चावून धरलं नाही.

"मशीन ठणठणीत होतं," ती म्हणाली. "मला पहिल्या क्षणाला कळलं होतं. शिंप्याची लेक आहे मी, गाणारं मशीन मला ओळखू येत नाही होय? सगळं कळत होतं... आणि तरी मी फोन ठेवला नव्हता. का ठेवला नव्हता, ते आता तू सांग."